सहावा बोल्ट

वीज गेली तशी पोरं गच्चीवर काकांच्या खाटेभोवती येऊन बसली. काकांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तीस वर्षं काउंटरमागे बसून त्यांना लोकांपेक्षा लोकांच्या गाड्याच जास्त लक्षात राहायच्या.

"काका, भुताची सांगा. पण खरी हं," पुतण्या म्हणाला.

"खरीच. माझ्याच दुकानातून सुरू होते." काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "फक्त मधे कुणी दात काढायचे नाहीत."

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा बुधवार. संध्याकाळी पावणेआठला काका शटर ओढत होते, तेवढ्यात धाकटा आला.

चौकापलीकडचं गॅरेज दोघा भावांचं. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला सव्वा महिन्यापूर्वी रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. धाकटा तेव्हाही रडला नाही आणि नंतरही नाही. भेटायला येणाऱ्यांना तो पाण्याचे पेले आणून द्यायचा आणि दाराशी उभा राहायचा. जणू ते सगळे दुसऱ्याच कुणाच्या घरी आले होते.

"पिकअपचा वॉटर पंप द्या. जुन्या मॉडेलचा," तो म्हणाला.

"आत्ता? सकाळी ये की. मी काय पळून जातोय?"

"पहाटे पाचला अण्णांना न्यायचंय."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर गुरुवारी सकाळी सातला शहरातल्या इस्पितळात मशीनवर त्यांचं रक्त साफ होई. एक पाळी चुकली की श्वास लागायचा. साठ किलोमीटरचा रस्ता, त्यातल्या मधल्या तीस किलोमीटरांत एक दिवासुद्धा नाही. आणि पिकअपचा पंप गळत होता. पुली धरून हलवली की आत खटखट वाजायचं. मधल्या रस्त्यात इंजिनातलं पाणी संपलं, तर अण्णांना घेऊन तो कुठे जाणार होता?

"एकट्याने जमेल?" काकांनी खोकं देताना विचारलं.

"जमवायला हवं," धाकटा म्हणाला. आवाज असा, की कुणी वेळ विचारली नि त्याने सांगितली.

काकांनी ते उगाच विचारलं नव्हतं. त्या गॅरेजची एक रीत होती. बोल्ट नेहमी धाकटा आवळायचा आणि तपासायचा थोरला. पाना लावून बघायचा, "हं" म्हणायचा आणि बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका वहिनीच्या संपत आलेल्या नेलपॉलिशचा. "माझं नटणं इंजिनाला," असं वहिनी हसून म्हणायची. ठिपका नाही तोवर गाडी बाहेर जायची नाही. धाकट्याने जन्मात कधी स्वतःचं काम स्वतः तपासलं नव्हतं. ते त्याचं कामच नव्हतं.

त्याने रात्री दहाला बॉनेट उघडलं. पाणी काढलं. पंखा, बेल्ट, मग जुना पंप. चिकटून बसलेलं पॅकिंग पात्याने खरवडताना बोट कापलं. रक्त पाहून त्याला कळलं, की कापलंय. दुखलं नाही. त्याने बोटाला चिंधी गुंडाळली आणि पुढचं काम केलं.

नवा पंप बसला. सहा बोल्ट हाताने फिरवून झाले. सवयीने त्याचा हात खिडकीतल्या बाटलीकडे गेला. झाकण फिरेना. आत पॉलिशने वाळून ब्रश गच्च धरला होता. त्याने बाटली परत ठेवली.

पावणेएक वाजला होता. त्याने पाना घेतला. पहिला बोल्ट आवळला.

"हं."

धाकट्याने मान वर केली नाही.

"घाबरला नाही?" पुतणीने विचारलं.

"मीही तेच विचारलं त्याला," काका म्हणाले. "म्हणतो, काका, आत काही हललंच नाही. मला वाटलं, अजून एक आवाज आहे, चालू दे."

दुसरा आवळला. "हं." तिसरा. समोरासमोरचे, आलटून पालटून. "हं." चौथा. पाचवा.

"हं."

आवाज डाव्या खांद्यामागून. नेहमीच्या जागेवरून.

सहावा खालच्या नळीमागचा. तिथे वाकावं लागतं. तो वाकला... की वाकलाच नाही? त्याला आठवत नाही. त्याने पाना खाली ठेवला आणि वाट पाहिली.

काही नाही.

दिव्याभोवतीचे किडेसुद्धा गप्प.

त्याने नळ्या जोडल्या, बेल्ट चढवला, पाणी भरलं. दोन मिनिटं इंजिन चालवलं. गळत नव्हतं. त्याने बॉनेट लावलं आणि हात धुवायला गेला.

परत आला तर बॉनेट उघडं. दांडीवर टेकवलेलं.

त्याने ते पुन्हा लावलं. दाबून. खटका वाजलेला ऐकला. दिवा बंद केला. दारापर्यंत गेला.

मागे दांडीचा आवाज.

टक्.

तो तसाच उभा राहिला. बराच वेळ. मग दिवा लावला. बॅटरी घेतली. वाकला.

पाच बोल्टांवर लाल ठिपके.

सहाव्यावर... काहीच नाही.

त्याने पाना लावला. बोल्ट फिरला. एक आटा... दुसरा... तिसरा. नुसता हातानेच लावलेला होता. त्याने तो गच्च आवळला. कान टवकारले.

"दादा," तो म्हणाला. "बघ ना."

कुणी नाही बोललं. तीन वाजले होते.

पहाटे पाचला त्याने अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, पायांवर शाल घातली. इंजिनाच्या तापमानाचा काटा सगळ्या वाटेत मधोमध राहिला. सातला पाच मिनिटं कमी असताना अण्णा मशीनपाशी पोचले.

काका थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"संपली?" पुतण्याने हळूच विचारलं.

"दुपारी दोनला अण्णांना घरी सोडून तो तसाच दुकानात आला. म्हणाला, काका, जरा बाहेर या. बॉनेट उघडलं. इंजिन हात भाजेल इतकं तापलेलं. त्याने नळीमागे बॅटरी धरली."

"मग?"

"सहाव्यावर ठिपका होता."

पोरं खाटेला आणखी चिकटून बसली.

"मी म्हटलं, तूच दिला असशील झोपेच्या भरात. त्याने खिशातून ती खिडकीतली पॉलिशची बाटली काढली, माझ्या हातात दिली. मी पक्कड लावून पाहिली. झाकण हललं नाही." काकांनी उजव्या हाताचं बोट अंधारात जरा वर धरलं. "मग मी नळीमागे हात घातला. आणि ठिपक्याला बोट लावलं."

"आणि?"

"ओला होता."