भिंतीचा स्पष्ट फोटो

नवं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलेली मंडळी मला हमखास विचारतात, "वेंडेल, वॉरंटीतलं काम करून घ्यायला भरवशाची जागा कोणती?" मी त्यांना इंडियानातल्या त्या कारखान्याचा पत्ता देतो. काम चोख करतात, त्यात खोट नाही. बाकीचं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही खनपटीलाच बसलात, म्हणून सांगतो.

जन्मभर मी नेब्रास्कात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर आम्ही घर विकून ही छत्तीस फुटी गाडी घेतली. सहा महिन्यांतच माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या, उशाजवळची भिंत फुगली. सांधा उकलला, कुबट वास सुटला आणि आर्डिसला खोकला लागला. साधासुधा नव्हे, बोलता बोलता भिंत धरायला लावणारा. डॉक्टर म्हणाला, हिला त्या ओलीपासून दूर ठेवा, फुप्फुसं फार सोसणार नाहीत. दूर कुठे ठेवणार? घर तर विकून बसलो होतो!

विक्रेत्याने दुरुस्तीला फेब्रुवारीतली तारीख दिली आणि वॉरंटी तर नोव्हेंबरात संपत होती. विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवी, कारखाना विक्रेत्याकडे. शेवटी मी गाडी थेट कारखान्याच्या आवारात नेऊन उभी केली. हातात चार दिवस उरले होते.

तिथे आमच्यासारख्या तीस-चाळीस गाड्या विजेच्या तारा जोडून थांबलेल्या. सकाळी सहाला कारागीर दार ठोठावून गाडी आत नेतात आणि मालक दिवसभर डोनट खात एकमेकांना आपापली रडगाणी ऐकवतात. पण त्याआधी बिघाडाशेजारी निळी चिकटपट्टी लावून फोटो पाठवायचा. दूरच्या शहरातल्या वॉरंटीवाल्यांनी तो मंजूर केल्याशिवाय स्क्रूला कुणी हात लावत नाही.

मी फोटो पाठवला. तासाभरात तिथून डोरीन नावाच्या बाईचा फोन आला. आवाज गोड.

"मिस्टर क्राउझ, तुमच्या मिसेसना जरा बाजूला व्हायला सांगा ना. भिंत दिसतच नाहीये."

आर्डिस तर पलीकडे धुण्याच्या खोलीत कपडे वाळवत होती. मी माझ्याकडचा फोटो पाहिला. भिंत, उकललेला सांधा, निळी पट्टी. बाकी काही नाही.

"फोटोत कुणी नाहीये हो," मी म्हणालो.

"आहेत की. पलंग आणि भिंतीच्या मधे. पाठमोऱ्या... राखाडी स्वेटर घातलाय."

मी मनात म्हटलं, वा रे वा! दावे फेटाळायची ही नवी तऱ्हा दिसते. बाई वेड पांघरून पेडगावला निघाली आहे. मी दुसरा फोटो पाठवला, तिसरा पाठवला. उत्तर तेच, तितकंच गोड.

आर्डिसला सांगितलं तेव्हा ती खोकत खोकत हसली. "माझ्या माघारी कुणाला आणतोस रे म्हाताऱ्या?" मग जरा थांबून म्हणाली, "राखाडी स्वेटर माझ्याकडे नाहीच, वेंडेल."

तिसऱ्या दिवशी मर्लिन ग्रेबर नावाचा कारागीर पाहणीला आला. आमिश, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा माणूस, लांब दाढी, पंथामुळे फोटोंचं वावडं. मी फोन पुढे केला तर त्याने मान फिरवली. त्याने भिंत बोटांनी दाबली, बोटांचा वास घेतला, छतावर चढून आला.

"बाहेरून थेंबही येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे ओल आमच्या श्वासाची, असंच ना? श्वासाची ओल वॉरंटीत बसत नाही, ते कलम वाचलंय मी!"

तो रागावला नाही. "किती जण राहता?"

"दोघं."

"ही दोघांची नाही." त्याने तळवा भिंतीवर, स्वतःच्या तोंडासमोर टेकवला. "ओल इथून सुरू झालीय. झोपलेल्या माणसाचं तोंड इतक्या उंचीवर नसतं..."

त्याने तळवा विजारीला पुसला.

"कागदावर मी 'सांधा सदोष' असं लिहितो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही फोटो तेवढा मंजूर करून घ्या. आणि मिसेसना इथे झोपवू नका."

शेवटच्या दिवशी दुपारी मी अकरावा फोटो पाठवला. डोरीनची कार्यालय बंद करायची वेळ चारची. साडेतीनला तिचा फोन आला.

"आज त्या वळल्यात, मिस्टर क्राउझ. पलंगाकडे बघतायत... वाकून."

आर्डिस पलंगावर नव्हती. प्रतीक्षागृहातल्या बाकावर कोट गुंडाळून खोकत होती. पण तिची उशी पलंगावर होती, आणि उशीचा अभ्रा मला ओला लागला. त्या क्षणी डोरीनवरचा माझा संशय फिटला, आणि कारखान्यावरचाही. मी रिकाम्या भिंतीकडे तोंड केलं.

"बाई, कोण असाल त्या असा. तिचं काही वाईट करू नका, माझं तिच्यावाचून कुणी नाही. जरा बाजूला व्हा. कुणाजवळ बसायचंच असेल... तर माझ्याजवळ बसा."

आणि बारावा फोटो काढला.

दोन मिनिटांत फोन वाजला. "आता कसा स्पष्ट आला! मंजूर केला बघा." मग जरा थांबून ती म्हणाली, "मिसेसना माझे आभार सांगा हं. लगेच हलल्या."

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंदाने रडूच आलं.

ग्रेबरने दोन दिवसांत नवी भिंत बसवली. ती आजवर कोरडी ठणठणीत आहे. आर्डिसचा खोकला महिन्याभरात गेला. आता आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्कामाला असतो. हवा इतकी सुकी, की धुतलेला कपडा अर्ध्या तासात वाळतो.

दुपारी मी टेबलाशी पेपर वाचत बसतो. समोर आर्डिस शब्दकोडं सोडवत असते, मधूनच गुणगुणते. आणि माझ्या चष्म्याच्या काचा धूसर होतात. पुसल्या की पुन्हा होतात. बाहेरच्या बाजूने.

'बाजूला व्हा' हे शब्द कितीदा ओठांवर येतात. पण गाडीत आम्ही दोघंच आहोत, ती बाई माझ्याजवळून उठली तर बसणार कुणाजवळ? मी गप्प बसून काचा पुसत राहतो.