स्क्रीन मी लॉक केला होता!

माफीनामा लिहायचा नाही म्हणजे नाही, असं घोकत मी क्लासच्या पायऱ्या तरातरा उतरत होते आणि तो चढत होता. व्हायची ती धडक झालीच. त्याच्या हातातल्या कॉम्प्युटरच्या सीडीज पायऱ्यांवर पसरल्या.

“सॉरी... सर आहेत का? मी कौस्तुभ, खारेपाटणहून आलोय. इथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच टाकलं होतं.”

“म्हणजे माझी नोकरी तुमच्यामुळे चाललीय!”

मी मेथरांची संजना. २०१० साली मालवण बंदराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सोमवारी परीक्षेचा पेपर तयार केला, स्क्रीन लॉक केला आणि जेवायला गेले. परत येते तो स्क्रीन सताड उघडा आणि पोरांच्या वह्यांत सगळे प्रश्न! क्लासचे मालक हरिश्चंद्र सर पोरांसमोरच म्हणाले, “तू लॉक केलाच नाहीस. शनिवारपर्यंत माफीनामा दे, नाहीतर घरी बस.” अहो, पण मी लॉक केला होता! मग माफी कसली?

“लॉक आपोआप उघडत नाही हो, मॅडम,” कौस्तुभ म्हणाला.

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. “चला, तक्रार नोंदवू.”

लिनक्समधला हा लॉकचा प्रोग्रॅम लिहिणारे लोक जगभर पसरलेले. त्यांच्या साइटवर कुणीही दोष कळवू शकतो, हे मला त्याच्याकडून कळलं. मी सांगत गेले, तो इंग्रजीत लिहीत गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं – ‘आमच्याकडे असं होत नाही.’ आणि तक्रार बंद! मी ती पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा बंद केली.

“परत उघडतलंय!” रागावले की माझी मालवणी सुटते.

तो हसला. “उघड गो. मी आसंय.” आणि खाली त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘मी हे अजून पाहिलेलं नाही. पण ही मुलगी खोटं बोलत नाही.’

वाचलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. सख्खी माणसंसुद्धा माझ्या बाजूने बोलली नव्हती हो... आणि हा?

शनिवार उजाडला. तो सकाळपासून खटपट करत होता, स्क्रीन काही उघडेना.

“जेवक जाताना तू काय काय करतस? तसाच करून दाखव.”

मी लॉक केला. कीबोर्डवर फडकं घातलं, खारं वारं लागून बटणं गंजतात म्हणून. फडकं उडू नये म्हणून वर बाबांच्या मासेमारीच्या जाळ्याला लावायचं शिशाचं वजन ठेवलं.

“अगो, ह्या तक्रारीत कित्याक सांगलंस नाय?”

“त्यात काय सांगायचा? हंय सगळेच झाकतत!”

शिसं नेमकं एंटरच्या बटणावर बसलं होतं, बटण दाबलेलंच राहत होतं. आम्ही बघत राहिलो. एक मिनिट... दोन... लॉक कोलमडला आणि माझी फाईल समोर! मी किंचाळलेच. त्याने माझा हात धरला आणि सोडायचं विसरला.

सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. “बरं, राहू दे माफीनामा.”

“पोरांसमोर सांगा, सर. मला खोटी त्यांच्यासमोरच ठरवलीत ना?”

सर खाकरले, घुटमळले, पण वर्गात उभे राहून बोलले. तक्रारीत आम्ही शिशाचंही लिहिलं. यावेळी ती कुणी बंद केली नाही.

बाहेर पडल्यावर तो चाचरत म्हणाला, “माझा काम संपला. आता हंय येवक काय कारण...?”

“मी आवडतंय काय तुका? ता सांग.”

“आवडतस गो... पण आमी शेतवाले, तुमी दर्यावाले. तुझ्या घरात कोण आयकतलो?”

मी त्याला हात धरून सरळ मासळी बाजारात नेलं. आई – यमुनाबाई – सुरमई कापत बसली होती.

“आये, ह्यो कौस्तुभ. लगीन करतलंय तर ह्याच्याशीच.”

कोयता थांबला. आजूबाजूच्या बायकाही थांबल्या. आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“ही काय सांगता, रे?”

त्याचे कान लाल झाले. पण हात त्याने सोडला नाही.

“ती सांगता ता खरा आसा.”