डावा माउंट

बाबांची जुनी गाडी म्हणजे दिसायला राजेशाही आणि चालायला रडूबाई. आई म्हणायची, “तुमच्या गाडीत बसायला मिळतं कमी, ढकलायलाच जास्त.” एकदा तरी न ढकलता फिरवून आणीन, असा शब्द बाबांनी तिला दिला होता. तो राहून गेला आणि आईच गेली. त्यानंतर बाबा अर्ध्या ताटावरून उठायला लागले. लेकीच्या जिवाला घोर लागला. “माझ्याकडे राहायला चला,” असं सांगून सांगून ती थकली. शेवटी ते म्हणाले, “गाडीत दुसरं इंजिन बसवतो, तुझ्या आईला एक फेरी मारून आणतो, मग येतो.” म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? तिने रजा टाकली आणि माहेरी आली.

परक्या गाडीचं इंजिन आयतं बसत नाही. गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट, इंजिन ज्यांवर टेकतं ते दोन माउंट, सगळं घरीच घडवायचं. बाबांचा सारा जन्म लेथवर गेलेला. ते आधी पुठ्ठ्यावर आकार कापत, जागेवर लावून बघत, मगच लोखंडाला हात लावत. शेडमध्ये लेथची घरघर, तापल्या तेलाचा वास, पायाखाली लोखंडाचा कुरळा कीस. आणि बाबा चक्क शीळ घालत होते. लेकीला भरून आलं.

माउंटचं माप घ्यायला पाणसळ आडवी ठेवली, तर बुडबुडा उजवीकडे पळाला. गाडी डावीकडे बोटभर बसली होती.

“स्प्रिंग गेली वाटतं,” लेक म्हणाली.

स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची सारखीच. अदलाबदल करून बसवल्या. टायरची हवा पाहिली, फरशी तपासली. गाडी डावीकडेच.

बाबांना त्याचं काही नवल वाटलं नाही. रिकाम्या गाडीवर माप घ्यायचं नाही, माणसं बसवून घ्यायचं, हा त्यांचा जुना नेम. डाव्या सीटवर बसून जांभया देण्याचं काम कायम आईकडे असे.

“तू बस पुढे,” ते म्हणाले.

तिने डावं दार उघडलं, वाकली. रिकामी सीट आधीच दबलेली होती. मग दार हलकेच लावून घेतलं.

“मी मागे बसते, बाबा.”

“बस की.” ते माप घ्यायला वाकले.

डावा माउंट त्यांनी बोटभर उंच केला.

“दोन्ही सारखे नकोत?”

“मग इंजिन तिच्या बाजूला कलेल,” असं म्हणून त्यांनी कानस उचलली. त्या माउंटच्या कडा ते जरा जास्तच वेळ घासत बसले.

इंजिन बसलं आणि पहिल्याच चावीला सुरू झालं. बाबा धुतलेला सदरा घालून आले.

“येतेस?”

“नको. तुम्ही दोघं जाऊन या.”

हे आपण कसं बोलून गेलो, तिला कळेना. पण बोलल्यावर बरं वाटलं. गाडी वळणाआड गेल्यावर ती पोटभर रडली.

उन्हं कलली तेव्हा गाडी परत आली. न ढकलता. लेक खिडकीजवळच्या जुन्या सोफ्यावर बसून बघत होती. बाबा उतरले, दार लावलं आणि घराकडे चालू लागले.

गाडी आता अगदी सरळ उभी होती.

डावी बाजू वर आली नव्हती. उजवी खाली गेली होती, बाबा उतरूनही.

बाबा आत आले. इतका निवांत चेहरा तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

“एकदासुद्धा कुरकुरली नाही बघ तुझी आई,” ते हसून म्हणाले. “चल. आता येतो तुझ्याकडे.”

सोफ्याच्या स्प्रिंगा कधीच्याच ढिल्या झालेल्या. शेजारी कुणी टेकलं की माणूस त्याच्याकडे घसरायचाच. बाबा तिच्या शेजारी येऊन बसले. तिने सवयीने सोफ्याचा हात घट्ट धरला.

सोफा दबला नाही.