म्हातारीचा पट्टा

कंदील इकडे सरकवा. आणि हसायचं त्याने आत्ताच हसून घ्या, नंतर मला मध्येच तोडायचं नाही.

एरंडोलकडचा गिरधर, माझा दोस्त. तो आणि धाकटा भाऊ भटू, दोघे सातपुड्यात अस्वलांच्या कामावर होते. जंगलखात्याच्या साहेबांनी एका अस्वलिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला. एका टेकडीवर गिरधर, दुसरीवर भटू, हातात अँटेना आणि यंत्र, त्यावर पट्ट्याची टिकटिक ऐकू यायची. दोघांनी आवाजाची दिशा सांगायची. नकाशावर रेघा मिळतील तिथे ती. कुठे खाते, कुठे झोपते, सगळं त्यावरून कळायचं. दोघे तिला म्हातारी म्हणत.

चौऱ्याण्णव साल, चैत्रातली अमावस्या. आवाज दोन दिवस एकाच जागी थांबलेला, म्हणजे म्हातारी गेली. भटू दुपारी पट्टा काढून आणायला गेला, एकटाच. अंधार पडला तरी परत नाही.

आता ऐका. काढलेल्या पट्ट्याला लगेच चुंबक लावायचं, म्हणजे आवाज बंद, सेल वाचतात. हातालाच सवय ती. गिरधर देवापुढे कपाळ घासत होता, आज एवढं विसरू दे त्याला. विसरला असेल तरच यंत्रावर सापडणार होता.

यंत्र लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. मग...

टिक.

"इसरना! भटू इसरना!" गिरधर रडतच पळाला. "भटू! कोठे शे रे? बोल ना! माय वाट दखी ऱ्हायनी!"

टिक. टिक.

आवाज वाढला. वाट सुटली. टॉर्च विझला. तो नुसत्या आवाजावर नाल्यात उतरला. पाय कशाला तरी लागला...

भटू. मांडी मोडलेली. अंग गार. गिरधरने छातीला कान लावला. श्वास होता, जेमतेम होता!

यंत्र थांबेना. पट्टा बंद करावा म्हणून त्याने भटूची पिशवी उघडली.

पट्ट्याला चुंबक लावलेलं होतं. वरून काळ्या चिकटपट्टीचे वेढे.

यंत्रावर दर पट्ट्याचा नंबर वेगळा; त्या नंबरावर दुसरं काहीच वाजत नाही, पोरांनो. आणि यंत्र वाजत होतं. अँटेना वरच्या मोहाच्या झाडांकडे वळवली की ऐकू यायचं. हळू. आणखी हळू...

मग तेही नाही.

भटू आजही लंगडतो. पट्टा गिरधरच्या घरी खुंटीला आहे. मी हातात घेऊन पाहिलाय. ती चिकटपट्टी कुणी सोडलेली नाही.