डाग नसलेली सहा मतं

सागरतीर मराठी मंडळाच्या अध्यक्षपदी सविता चार मतांनी निवडून आली.

‘अशी बातमी कुणीच ऐकलेली नाही,’ असं मंडळाचं परिपत्रकच ग्रुपवर आलं. पेढा भरवणाऱ्यांना पेढा भरवल्याचंही आठवेना.

कारण मतदार एक्याऐंशी आणि पेटीत मतं शहाऐंशी.

‘मतचोर,’ ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. पाच मिनिटांत बहात्तर अंगठे. संध्याकाळी सविताचं सभासदत्व रद्द होणार होतं.

निवडणूक अधिकारी पांडुरंगकाका संतापले. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे गळती झाली की आधी पाइप बघतात, मग शिव्या देतात. इथे सगळं उलटं. सेंगकांग उपनगरातल्या कॉन्डो-संकुलाच्या हॉलचं दार लावून त्यांनी मतपत्रिका टेबलावर पसरल्या.

“मतदानाआधी जेवण का ठेवलं?”

“नंतर ठेवलं असतं, तर लोक नंतरच आले असते,” सविता म्हणाली. “आमरस-पुरी मीच केली. आता तीही लाच ठरलीय.”

“तू जेवलीस?”

“दोन वाट्या.”

“हात कुठे धुतले?”

“नळ सकाळपासून बंद. सगळ्यांनी टिश्यूला पुसले.”

“हिने चोरी केली नसणार, काका,” प्रतिस्पर्धी उत्कर्षा म्हणाली. “हिच्यात तेवढी शिस्त नाही.”

उत्कर्षाचा नवरा प्रबोध कोपऱ्यात होता. मतपत्रिका त्यानेच जुरोंग ईस्टमधल्या आपल्या ऑफिसात छापल्या होत्या.

“तू जेवलास?”

“संकष्टी आहे, काका. चंद्र दिसेपर्यंत काही नाही.”

“आणखी कुणाचा उपास?”

“बऱ्याच जणांचा होता. आमरस बघून सुटला.”

काकांनी दोन गठ्ठे केले.

“ऐंशी मतपत्रिकांवर पिवळी बोटं आहेत. सहा करकरीत, एकही डाग नाही. जेवलेल्या कुणीही पेटीत कागद टाकला, तर डाग पडणारच. सविताने टाकला तरी. एक्याऐंशी जणांत कोरडा हात एकच. एक मत त्याच्या हक्काचं, पाच चोरीची. आणि सहाही सविताला.”

“बायकोविरुद्ध सहा वेळा?” उत्कर्षाने अगदी हळू विचारलं.

“तू अध्यक्ष झालीस की दर रविवारी मंडळ,” प्रबोध म्हणाला. “मग स्वयंपाक कोण करणार?”

पाच मतं बाद झाली. उत्कर्षा एका मताने जिंकली. अभिनंदनाचे अंगठे आले. सविताबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

मग सविताला शेजारी बसवून नव्या अध्यक्षांनी दात-ओठ खात पहिलं पत्र काढलं:

‘विषय: चोर म्हटल्याबाबत. ज्या बहात्तर सभासदांनी अंगठा दिला, त्यांनी प्रत्येकी स्वतःच्या नावाने, याच ग्रुपवर सविता यांची लेखी माफी मागावी व ती नंतर डिलीट करू नये, ही नम्र विनंती.’