अडतीस खवले

तो पहिल्यांदा आला तोच चुकून. दगडांची पिशवी तिच्या टेबलावर धाडकन ठेवून म्हणाला, "दगडांची खोली हीच ना?"

"ही माशांची. तुमचा एक दगड माझ्या माशाच्या शेपटीवर आहे… उचलाल का?"

तो ओशाळला, हसला आणि मग रोजच चुकू लागला. संग्रहालयाचा दगडांचा विभाग तळमजल्यावर, तरी रोज जिना चढून वर. सहा महिन्यांनी कुठे 'तुम्ही'चं 'तू' झालं.

एकदा त्याने दोन्ही तळहात जुळवून हळूहळू वर उचलले. "हा समोरचा डोंगर नंतर वर आला. आधी एकच नदी होती. डोंगराने तिच्या दोन केल्या, मासेही वाटले गेले. पलीकडे धार जोराची, म्हणून तिथला मासा सडपातळ झाला. पण घराणं एकच! अंगावरच्या मधल्या रेघेवरचे खवले सारखे भरले, की माझं म्हणणं खरं. मग दोन वर्षं पलीकडे जाऊन काम करायचं!"

पलीकडचे मासे आले आणि ते घेऊन तिकडची संशोधक आली. तीही सडपातळ! पहिल्याच दिवशी त्याला 'अरे' म्हणाली. आणि तो? तिच्यासमोर तळहात जुळवून वर उचलत होता… अगदी तस्संच! याचा डोंगर काय कुणासाठीही वर येतो? इकडे हिच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेजारच्या खोलीत ती दोघं खिदळत असताना तिने भिंगाखाली खवले मोजले. अडतीस. आपल्या माशाइतकेच. पुन्हा मोजले, अडतीसच. म्हणजे हा जाणार, आणि तिच्याबरोबर जाणार.

तिने लिहिलं, बेचाळीस.

तो कागद वाचून स्टुलावर बसूनच राहिला. "तीन वर्षं चुकीच्या डोंगरामागे धावलो म्हणायचं," एवढंच म्हणाला. तिच्यावर अविश्वास दाखवणं त्याच्या मनातही आलं नाही. तेच तिला सहन होईना.

"अडतीस आहेत," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं."

"तू? का?"

"तू जाऊ नयेस म्हणून! तिच्याबरोबर तर नाहीच नाही. तू… आवडतोस मला. आता जा. तुझं खरं ठरलं."

तो खिशातून घडी घातलेला अर्ज काढत म्हणाला, "खवल्यांबाबत पुन्हा असं करू नकोस. माझा जीव गेला होता." आणि मग हळूच, "तिकडे दोन माणसं हवीत. एक दगडांचं, एक माशांचं. तुझं नाव महिन्यापूर्वीच लिहिलंय… विचारायचा धीर होत नव्हता. नको असेल तर खोडतो."

"खोडून तर बघ!" तिचे डोळे भरून आले. त्याचा हात तिने घट्ट धरला. मग एकदम दचकून विचारलं, "आणि ती?"

"ती इथेच राहणार. तुझ्या जागेवर."

"माझ्या टेबलावर? मग भिंग मी बरोबर नेणार!"