रिलीव्हर येईपर्यंत

पटलं तर घ्या, नाहीतर पुढे सरका. पण हे कुठल्या ग्रुपवरून आलेलं नाही. माझ्या चुलतभावाच्या घरात घडलंय, आणि ते घर मोशीत आजही आहे.

रात्र, अमावस्या वगैरे काही नव्हतं बरं का. गेल्या उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती. खाली भंगारवाला ओरडत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. असलं काही फक्त रात्रीच घडतं म्हणणाऱ्याने कधी रात्रपाळी केलेली नसते.

माझा चुलतभाऊ समाधानदादा चाकणला एका कंपनीत पॉवर प्रेसवर आहे. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे. कायमची रात्रपाळी.

सकाळी घरी यायचं, अंघोळ करायची, जेवायचं आणि झोपायचं. तो झोपला की नेहावहिनी, त्याची बायको, घर चिडीचूप ठेवायची. मिक्सरसुद्धा लावायची नाही. प्रेसवर डुलकी लागली तर काय होतं, ते तिने बघितलं होतं. त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एका माणसाच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलंय.

दादाला व्यसन असं काही नव्हतं. नाद एकच, विमानांच्या लढाईचा गेम. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडून बसायचा. जोडीला ज्योतीराम.

ज्योतीराम म्हणजे कंपनीत दादाचा रिलीव्हर. सकाळी दादाची पाळी संपली की तोच प्रेस ज्योतीराम चालवायचा. राहायला चिखलीत. गुरुवारी दोघं आपापल्या घरून एकच गेम खेळायचे, हेडफोनवर बोलत बोलत.

आणि कंपनीतला नियम या दोघांनी गेममध्येही नेला होता.

चालू मशीन सोडून जायचं नाही. रिलीव्हर येतो, मशीनवर हात ठेवतो आणि म्हणतो, "घेतली." मगच आपण हात काढायचा. तो नाहीच आला तर डबल शिफ्ट मारायची, पण मशीन सोडायची नाही.

गेममध्येही तसंच. एकाने वर घिरट्या घालून विमानतळ राखायचा, दुसऱ्याने खाली उतरून तेल भरायचं. तो वर येऊन "घेतली" म्हणाला की मग पहिल्याने उतरायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीच चालवताय, म्हणून वहिनी त्यांची टिंगल करायची.

त्या गुरुवारी मध्येच ज्योतीरामला घरच्यांनी बाहेरून काहीतरी आणायला सांगितलं. "तू वर थांब, मी आलोच," एवढं बोलून तो गाडी घेऊन निघाला.

चौकात डंपरने उडवला. जागेवर गेला.

दादा वर घिरट्या घालत असतानाच फोन आला. तो तसाच उठून पळाला. मागे वहिनीनेच कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. हे तिला पक्कं आठवतं, कारण पडदा काळा झालेला बघूनच ती दादाच्या मागे धावली होती.

दहावं, तेरावं झालं. दादा गप्प गप्प होता, पण कामावर जात होता. मग एका सकाळी कामावरून आला आणि सहज म्हणून त्याने कॉम्प्युटर लावला.

विमान वरच होतं...

जिथे सोडलं होतं तिथेच. डावीकडे वळत, सावकाश, गोल गोल.

त्या दिवसापासून दादाची झोप गेली. कामावरून आला की थेट खुर्चीत. वहिनी ताट शेजारी ठेवायची, ते तसंच वाळायचं. बोलली की म्हणायचा, रिलीव्हर आल्याशिवाय उतरू कसा? आधी तिला वाटलं, दुःख आहे, निघेल हळूहळू. माणूस एवढा जिवाभावाचा गेल्यावर कुणाचंही डोकं फिरतं.

पण एका सकाळी तो हातमोजा टेबलावर टाकून बसला. वहिनीने उचलून पाहिला. चारही बोटं पुढून कापलेली होती. आतली बोटं कशी वाचली, ते त्यालाच माहीत नव्हतं.

आज वाचली, उद्या?

दुपारी तिने नेटची वायर काढून कपाटात कोंबली. आता कुणाशी बोलशील, असं मनात म्हणत स्वयंपाकघरात गेली. भाकरी थापायला घेतली.

आतून दादाचा आवाज आला. "हं."

मग शांतता... समोरचा बोलत असल्यासारखी.

"बरं. थांबतो."

वहिनी पिठाच्या हातानेच आत गेली. पडद्यावर तेलाचा काटा शून्यावर होता. विमानाची घरघर मात्र चालूच होती. दादाचे डोळे लालबुंद, हात जॉयस्टिकवर, बोटं पांढरी पडलेली. तिने खांदा हलवला. तो हलला नाही. तिने मनगट ओढलं, तेही सुटेना. एवढा धट्टाकट्टा माणूस, पण अंगात काही उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त ती मूठ.

रात्री याच हाताने तो प्रेस चालवणार होता.

तिने त्याच्या कानावरचा हेडफोन काढला. फेकूनच देणार होती. पण त्यातून काहीतरी ऐकू येत होतं. तिने तो कानाला लावला.

आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या मागे, लांबवर... मोटारसायकल.

"थांब भावा, आलोच. चिखलीतच हाय मी."

या आवाजाने तिच्या घरी पोटभर मटण-भाकरी खाल्ली होती. चुकणं शक्यच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर किंचाळत जिन्यात पळाली असती. वहिनी कामगाराची बायको. आपला माणूस कशाला अडकलाय ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तो शब्द ऐकल्याशिवाय हा हात सुटणार नव्हता. तिने पिठाचा हात त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली,

"घेतली."

मूठ सुटली. दादा उठला, भिंतीला धरत पलंगापर्यंत गेला आणि आडवा झाला. लगेच घोरायला लागला. वहिनीला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच खुर्चीत बसून रडली.

हेडफोन अजून कानावरच होता.

"कोण? वहिनी?"

तिच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"तुम्ही घेतली व्हय?"

मोटारसायकलचा आवाज थांबला...

"बरं झालं. मग मी न्हाई येत आता."

त्यानंतर फक्त घरघर राहिली.

दादा आता ठणठणीत आहे. झोपतो, जेवतो, दहाही बोटं शाबूत आहेत. कॉम्प्युटर त्याने त्याच आठवड्यात विकला. मला हे सगळं वहिनीनेच सांगितलं, तेव्हा ती अजून एका जागी बसून बोलू शकत होती.

आता बसत नाही.

दुपार झाली की गच्चीवर जाते. गोल फिरते. कायम डावीकडेच वळते. ताट हातात दिलं तर चालता चालता दोन घास खाते. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तोल जातो, पाय थांबत नाहीत. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवून कितीदा तरी "घेतली" म्हटलं. ती त्याचा हात मायेने बाजूला करते आणि म्हणते, तुमची शिफ्ट झाली, तुम्ही झोपा.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. गच्चीवरच गेलो. ऊन मी म्हणत होतं. ती फिरत होती, मी कठड्याला टेकून इकडचं तिकडचं बोलत होतो. तिच्या टाचा फुटून रक्त आलेलं बघवेना, म्हणून निघालो.

आता निघताना आपण काय म्हणतो? "जातो" म्हणत नाही. अभद्र असतं. आईने लहानपणापासून जिभेवर बसवलेलं असतं.

मी म्हटलं, "येतो वहिनी."

ती थांबली...

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थांबली. वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"नक्की ना, भाऊजी?"

झक मारली आणि मान हलवली.

परवा दादाचा फोन आला. रडत होता बिचारा, आनंदाने. वहिनी म्हणे आता खाली बसून जेवते. रात्री थोडी झोपतेसुद्धा. दुपारी गच्चीवर जाते, पण चेहऱ्यावर टवटवी आली आहे. दिवसातून एकदाच विचारते, भाऊजी निघाले का. तू काय जादू केलीस रे, म्हणाला दादा. एकदा येऊन जा, तिला बरं वाटेल.

फोनमध्ये त्याच्या मागे काहीतरी घरघरत होतं. मिक्सर असेल. मी विचारलं नाही.

अजून गेलो नाही मी. चाकणला जायचं झालं तर मोशी टाळून लांबच्या रस्त्याने जातो. आणि मी येत नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत होत नाही.